चेसापीकचे सात आठवडे : १७८१ मधील एका आरमारी निर्णयाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

उत्तर अमेरिकेतील तेरा ब्रिटिश वसाहतींनी १७७५ मध्ये शस्त्र उचलले आणि ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले, तेव्हा त्यांच्याजवळ माणसे होती, विस्तीर्ण मुलूख होता, पण आरमार म्हणावे असे काही नव्हते. वसाहतींची मोठी शहरे आणि बहुतेक व्यापार किनाऱ्यावर किंवा समुद्राला मिळणाऱ्या नद्यांच्या काठी होता. त्यामुळे ब्रिटिश सेनापती जहाजांत फौज भरून हव्या त्या ठिकाणी उतरवू शकत असत. न्यूयॉर्क १७७६ मध्ये, फिलाडेल्फिया १७७७ मध्ये, सव्हाना १७७८ च्या अखेरीस आणि चार्ल्सटन १७८० मध्ये त्यांच्या हाती गेले, ते याच मार्गाने. वसाहतींचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन याच्या फौजेला मात्र चिखलातून पायपीट करीतच हलावे लागे. ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगा येथे एक आख्खी ब्रिटिश फौज शरण आली, आणि ती जागा समुद्रापासून दूर, मोठ्या युद्धनौका पोहोचू शकत नाहीत अशा भागात होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

साराटोगानंतर, फेब्रुवारी १७७८ मध्ये, फ्रान्सने वसाहतींशी तह केला. पुढच्याच वर्षी स्पेन फ्रान्सच्या बाजूने युद्धात उतरला. मात्र फ्रेंच आरमाराची पहिली तीन वर्षे निराशेचीच ठरली. १७७८ च्या जुलैमध्ये फ्रेंच आरमाराचा प्रमुख काउंट देस्तँ न्यूयॉर्कच्या तोंडाशी येऊन थांबला. बंदराच्या तोंडावरील वाळूच्या पट्ट्यावर त्याच्या मोठ्या जहाजांना पुरेल इतके पाणी नव्हते, म्हणून तो परतला. र्‍होड आयलंडमधील न्यूपोर्ट बंदराची मोहीम वादळाने मोडली आणि १७७९ मध्ये सव्हानाचा वेढा मोठी हानी सोसून उठवावा लागला. १७८० च्या जुलैमध्ये फ्रेंच सेनापती रोशांबो साडेपाच हजार फ्रेंच सैनिक घेऊन न्यूपोर्टला उतरला, तेव्हा वॉशिंग्टनने त्याला पाठविलेल्या टिपणात एक गोष्ट निःसंदिग्ध शब्दांत मांडली होती : कोणतीही मोहीम असो आणि परिस्थिती कशीही असो, समुद्रावरील निर्णायक वरचढपणा हा मूलभूत सिद्धान्त मानावा, कारण यशाची प्रत्येक आशा अखेर त्याच्यावरच उभी आहे. स्वतःचे एकही मोठे लढाऊ जहाज हाताशी नसलेल्या, पगारासाठी बंड करू लागलेल्या फौजेच्या सेनापतीने हे लिहावे, यातच त्या युद्धाची सारी कोंडी दिसते.

अडचण

१७८१ च्या मे महिन्यात कनेक्टिकटमधील वेदर्सफील्ड येथे वॉशिंग्टन आणि रोशांबो यांची भेट झाली. त्या वर्षाच्या जानेवारीत पेनसिल्व्हेनियाच्या पलटणींनी बंड केले होते, कागदी चलनाची किंमत जवळजवळ उरली नव्हती आणि आणखी एक हिवाळा ही फौज टिकेल याची खात्री कोणी देऊ शकत नव्हते. वॉशिंग्टनला न्यूयॉर्कवर हल्ला करायचा होता. रोशांबोला तिथली ब्रिटिश तटबंदी आणि बंदराच्या तोंडावरचा तोच वाळूचा पट्टा अडचणीचा वाटत होता. त्याचा कल दक्षिणेकडे, व्हर्जिनियातील चेसापीकच्या उपसागराकडे होता.

त्याच सुमारास लॉर्ड कॉर्नवॉलिस कॅरोलिनातील महागड्या लढायांनंतर व्हर्जिनियात येऊन पोहोचला. (हाच कॉर्नवॉलिस पुढे १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात मराठ्यांचा मित्र म्हणून लढला.) न्यूयॉर्कमधील त्याचा वरिष्ठ सर हेन्री क्लिंटन आणि आरमाराचे अधिकारी यांना मोठ्या युद्धनौका हिवाळ्यातही सुरक्षित उभ्या राहतील असे एखादे बंदर चेसापीकमध्ये हवे होते. त्यासाठी सुचविलेली किनाऱ्यावरची एक जागा अभियंत्यांनी नापसंत केली, आणि ऑगस्टच्या आरंभी कॉर्नवॉलिसने यॉर्क नदीच्या काठचे यॉर्कटाउन व समोरच्या तीरावरचे ग्लॉस्टर पॉइंट निवडले. किनाऱ्यालगत खोल पाणी ही या जागेची खरी मातब्बरी. जमिनीच्या बाजूने ती सहज कोंडता येण्यासारखी होती, पण समुद्र आपलाच आहे असे गृहीत धरल्यावर त्याचे कोणाला काही वाटले नाही.

दोन्ही पक्षांची अडचण अशी एकाच जागी येऊन ठेपली. बंडखोरांना काही आठवडे पुरेल इतका आरमारी वरचढपणा कोणाकडून तरी उसना हवा होता, आणि तो देऊ शकणारे एकच आरमार त्या वेळी वेस्ट इंडिजमध्ये होते.

पर्याय आणि पहिला निर्णय

अ‍ॅडमिरल काउंट द ग्रास २२ मार्च १७८१ रोजी ब्रेस्ट बंदरातून निघून एप्रिलअखेर मार्टिनिकला पोहोचला होता. जुलैच्या मध्यावर तो सँ-दोमँग्यूच्या, म्हणजे आजच्या हैतीच्या, काप फ्रांसे बंदरात आला तेव्हा रोशांबोची पत्रे त्याची वाट पाहत होती. रोशांबोने न्यूयॉर्क आणि चेसापीक हे दोन्ही पर्याय कळविले होते, पण स्वतःची पसंती चेसापीकला असल्याचे लपविले नव्हते. वसाहतींची अवस्था कशी हातघाईवर आली आहे हे सांगून त्याने जहाजांबरोबर सैनिक आणि रोख पैसाही मागितला होता.

द ग्रासपुढे तीन मार्ग होते. पहिला, ठरल्याप्रमाणे स्पॅनिश मित्रांबरोबर वेस्ट इंडिजमधल्या मोहिमेत राहणे. साखरेच्या बेटांचे मोल पाहता पॅरिसमध्ये कोणी त्याला दोष दिला नसता. दुसरा, आरमाराचा एक भाग उत्तरेला पाठविणे आणि उरलेल्या जहाजांवर बेटांचे रक्षण व व्यापारी काफिल्यांची सोबत सोपविणे. ही त्या काळची रूढ रीत होती आणि ब्रिटिशांचा अंदाजही तोच होता. तिसरा मार्ग म्हणजे सर्वच्या सर्व जहाजे घेऊन जाणे.

त्याने तिसरा मार्ग घेतला, आणि या साऱ्या प्रकरणाचा कणा मी याच निर्णयाला मानतो. रांगेत उभे राहून लढू शकतील अशी त्याची अठ्ठावीस मोठी जहाजे निघाली. युरोपला जाणारा व्यापारी काफिला बंदरातच थांबवून ठेवण्यात आला. साखर आणि कॉफी भरून सज्ज असलेला काफिला अडविणे म्हणजे व्यापाऱ्यांचा रोष ओढवून घेणे होते, तरी तो धोका त्याने पत्करला. स्पेनचा प्रतिनिधी फ्रान्सिस्को द सावेद्रा याने इथे फार मोलाची साथ दिली. स्पॅनिश मोहिमेसाठी राखलेल्या तीन फ्रेंच पलटणी, म्हणजे तीन हजारांहून अधिक सैनिक, त्याने मोकळ्या केल्या, फ्रेंच बेटांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी स्पेनच्या आरमाराने उचलावी असे ठरविले आणि हवानामधून पाच लाख पेसो उभे करून दिले. द ग्रासने नेहमीची वाट सोडून जुन्या बहामा खाडीतून, खलाशी सहसा टाळीत त्या मार्गाने, जहाजे नेली. ५ ऑगस्टला निघून ३० ऑगस्टच्या सुमारास तो चेसापीकच्या तोंडाशी नांगरला. आपण १५ ऑक्टोबरपर्यंतच थांबू शकतो, असे त्याने आधीच कळविले होते.

ब्रिटिश बाजूला याच आठवड्यांत उलटे घडत होते. अ‍ॅडमिरल रॉडनी आजारी होता आणि १ ऑगस्टला इंग्लंडला निघाला. त्याने काही जहाजे काफिल्यांच्या सोबतीला दिली, काही स्वतःबरोबर नेली, आणि उत्तरेकडे आपला दुय्यम हूड याला केवळ चौदा मोठी जहाजे देऊन पाठविले. द ग्रास सगळे आरमार उत्तरेला नेईल असे त्याला वाटले नव्हते. हूडच्या जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असल्याने ती वेगवान होती, वाटही जवळची होती, आणि म्हणून तो २५ ऑगस्टलाच चेसापीकला पोहोचला. उपसागर रिकामा दिसला तेव्हा तो पुढे न्यूयॉर्कला गेला. द ग्रास त्याच्यामागून पाच दिवसांनी आला.

जमिनीवरची हालचाल

द ग्रास चेसापीकला येत असल्याची बातमी वॉशिंग्टनला १४ ऑगस्टला मिळाली. न्यूयॉर्कचा हट्ट त्याने लगेच सोडला. अनेक महिन्यांची तयारी एका पत्रावरून बदलणे सोपे नव्हते आणि त्याने ते केले, याचे श्रेय त्याला द्यायला हवे. क्लिंटनची दिशाभूल व्हावी म्हणून न्यू जर्सीत चॅटम येथे फ्रेंच फौजेसाठी पाव भाजण्याच्या भट्ट्या बांधण्यात आल्या. फौज इथेच राहणार, असा त्याचा अर्थ शत्रूने काढावा हा हेतू होता. प्रत्यक्षात दोन्ही फौजा सातशे किलोमीटरच्या आसपास अंतरावर असलेल्या व्हर्जिनियाकडे निघाल्या होत्या. फिलाडेल्फियात अमेरिकन सैनिकांनी पगार मागितला तेव्हा रोशांबोच्या खजिन्यातून वीस हजार डॉलरची रोख नाणी उसनी घ्यावी लागली.

५ सप्टेंबरला चेस्टरजवळ वॉशिंग्टनला निरोप मिळाला की द ग्रास पोहोचला आहे. रोशांबो डेलावेअर नदीतून नावेने येत होता. त्याला काठावर एक उंच माणूस एका हातात टोपी आणि दुसऱ्या हातात रुमाल घेऊन जोरजोराने हलविताना दिसला. नाव काठाला लागताच त्या माणसाने त्याला मिठी मारली. तो वॉशिंग्टन होता. एरवी अत्यंत संयमी असलेल्या या सेनापतीला तसे पाहून फ्रेंच अधिकारी चकित झाले.

त्याच दिवशी दुपारी दक्षिणेला आरमारांची गाठ पडत होती, हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हते.

५ सप्टेंबरची दुपार

न्यूयॉर्कमधील अ‍ॅडमिरल ग्रेव्ह्जजवळ समुद्रावर जाण्याजोगी पाचच मोठी जहाजे होती. हूडची चौदा मिळून एकोणीस झाली. न्यूपोर्टहून फ्रेंच अ‍ॅडमिरल बारास आठ मोठी जहाजे आणि वेढ्याच्या जड तोफा घेऊन निघाल्याचे कळल्यावर ग्रेव्ह्ज ३१ ऑगस्टला दक्षिणेला निघाला. गाठायचे बारासला, असाच त्याचा समज होता.

चेसापीकच्या तोंडाशी त्याला द ग्रासचे आरमार नांगरलेले दिसले. फ्रेंचांची चार जहाजे यॉर्क आणि जेम्स नद्यांवर पहाऱ्याला होती आणि हजाराहून अधिक खलाशी व अधिकारी सैनिक उतरविण्याच्या व पाणी भरण्याच्या कामावर दूर गेले होते. वारा ईशान्येकडून वाहत होता आणि ओहोटी लागेपर्यंत बाहेर पडणे शक्य नव्हते. दुपारी ओहोटी लागताच द ग्रासने नांगर वर घेण्यात वेळ न घालविता दोर सोडून देण्याची आज्ञा केली. नांगरांच्या जागा ओळखू याव्यात म्हणून दोरांना बोये बांधून चोवीस जहाजे, अपुऱ्या माणसांनिशी, जशी जमेल तशी बाहेर पडली. प्रसिद्ध जगप्रवासी बूगँव्हिल याची आघाडीची तुकडी पुढे निघून गेली आणि तिच्यात व मधल्या तुकडीत मोठे अंतर पडले.

हा पहिला निसटलेला क्षण. ग्रेव्ह्ज वाऱ्याच्या वरच्या अंगाला होता, म्हणजे हल्ला कधी करायचा हे ठरविणे त्याच्या हातात होते. विस्कळीत बाहेर पडणाऱ्या फ्रेंचांवर त्याने झडप घातली नाही. आपली रांग नीट लावली, उथळ पाणी जवळ येताच सगळी जहाजे वळवून फ्रेंचांच्या दिशेला समांतर केली आणि त्यांचा मध्यभाग बाहेर येईपर्यंत वाट पाहिली. या वळणामुळे हूडची तुकडी पिछाडीला गेली.

दुसरा क्षण निशाणांचा. चारच्या सुमारास तोफा सुरू झाल्या तेव्हा ग्रेव्ह्जच्या 'लंडन' जहाजावर शत्रूला भिडण्याचे निशाण चढले, पण एकामागे एक रांग धरण्याचे निशाणही फडकतच राहिले. दोन्ही आज्ञा एकदम पाळणे अशक्य होते, कारण ब्रिटिश रांग फ्रेंच रांगेला तिरकी येत होती. हूडने रांगेची आज्ञा वरचढ मानली. ते निशाण उतरले तोवर दिवस मावळायला आला होता, आणि त्याची तुकडी जवळजवळ न लढताच राहिली. सूर्यास्ताला तोफा थांबल्या. ब्रिटिशांचे ९० मेले आणि २४६ जखमी झाले, फ्रेंचांचे मिळून सुमारे २२० माणसांचे नुकसान झाले. एकही जहाज त्या दिवशी बुडाले नाही, मात्र 'टेरिबल' इतके मोडले होते की काही दिवसांनी ब्रिटिशांनीच ते जाळले.

पुढचे चार-पाच दिवस दोन्ही आरमारे एकमेकांवर नजर ठेवीत दक्षिणेकडे वाहत गेली. माझ्या मते लढाईपेक्षाही हे दिवस निर्णायक होते. द ग्रासला ब्रिटिश आरमार बुडवायचे नव्हते, त्याला उपसागर हवा होता, आणि शत्रू दूर ओढला गेला आहे एवढे पुरेसे असल्याचे त्याला उमगले होते. तो वळून परतला तेव्हा बारास १० सप्टेंबरलाच तोफांसह आत शिरून बसला होता. फ्रेंचांच्या नांगरांचे बोये तोडण्यासाठी ग्रेव्ह्जने पाठविलेल्या 'आयरिस' आणि 'रिचमंड' या फ्रिगेट, म्हणजे लहान वेगवान युद्धनौका, आयत्याच सापडल्या. फ्रेंचांची मोठी जहाजे आता छत्तीस झाली. १३ सप्टेंबरला ग्रेव्ह्जने सल्लामसलत केली आणि आरमार दुरुस्तीसाठी न्यूयॉर्कला परत नेले.

बारासबद्दल एक शब्द इथे हवा. सेवेत तो द ग्रासपेक्षा ज्येष्ठ होता आणि न्यूफाउंडलंडकडे स्वतंत्र मोहिमेवर जाण्याची मुभा त्याला होती. मानापमानाचा विचार न करता तो कनिष्ठाच्या हाताखाली आला. किल्ले फोडणाऱ्या जड तोफा खुष्कीने वेळेत पोहोचल्या नसत्या. त्या नसत्या तर यॉर्कटाउनचा वेढा हा नुसता पहारा ठरला असता.

पुढचा निर्णय : थांबावे की निघावे

१७ सप्टेंबरला वॉशिंग्टन आणि रोशांबो यांनी शंभरहून अधिक तोफांच्या 'व्हिल द पारी' जहाजावर द ग्रासची भेट घेतली. ऑक्टोबरअखेरपर्यंत थांबण्याचे आश्वासन मिळाले. पण आठवडा उलटायच्या आत बातमी आली की अ‍ॅडमिरल डिग्बी इंग्लंडहून आणखी जहाजे घेऊन न्यूयॉर्कला येत आहे. द ग्रासने कळविले की नदीच्या तोंडावर दोनच जहाजे ठेवून आपण खुल्या समुद्रावर जाणार, कारण उपसागरात कोंडले जाणे धोक्याचे आहे. आरमारी दृष्टीने त्याचे म्हणणे चूक नव्हते. वॉशिंग्टनने २५ सप्टेंबरला त्याला अत्यंत कळकळीचे पत्र लिहिले : आरमार हलले तर वेढा उठेल, आणि आजवरचा सारा खर्च व श्रम वाया जातील. द ग्रासने आपल्या कप्तानांना विचारले. त्यांचाही कौल थांबण्याकडे पडला आणि तो थांबला. डिग्बी प्रत्यक्षात आला तो तीनच मोठी जहाजे घेऊन.

परिणाम

२८ सप्टेंबरला सोळा हजारांहून अधिक मित्रफौज यॉर्कटाउनपुढे आली. क्लिंटनकडून मदतीचे आश्वासन मिळताच कॉर्नवॉलिसने बाहेरचे मोर्चे स्वतःहून सोडून दिले. ६ ऑक्टोबरच्या रात्री पहिला खंदक खणला गेला, ९ ऑक्टोबरला तोफा सुरू झाल्या आणि १४ च्या रात्री दोन महत्त्वाचे बुरूज पडले. १६ च्या रात्री नदी ओलांडून निसटण्याचा प्रयत्न वादळाने हाणून पाडला. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी सात हजारांहून अधिक सैनिक शरण आले. त्याच दिवशी ब्रिटिश आरमार सात हजार सैनिक घेऊन मदतीसाठी न्यूयॉर्कहून निघाले. ते २४ ला चेसापीकला पोहोचले.

या वेढ्यातली एक गोष्ट विजयाच्या वर्णनांत मागे पडते. स्वातंत्र्य मिळेल या आशेने व्हर्जिनियातील कितीतरी गुलाम ब्रिटिशांच्या छावणीत आले होते. समुद्राकडून रसद बंद झाली आणि अन्न संपत आले, तेव्हा कॉर्नवॉलिसच्या फौजेने त्यांना बाहेर काढले. दोन फौजांच्या मधल्या रानात त्यांतले कित्येक देवीच्या साथीने आणि उपासमारीने मेले. आरमारी कोंडीची झळ पहिल्यांदा कोणाला लागली हे सांगितल्याखेरीज हे प्रकरण पुरे होत नाही.

मार्च १७८२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान लॉर्ड नॉर्थचे मंत्रिमंडळ गेले आणि ३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिसच्या तहात ब्रिटनने स्वातंत्र्य मान्य केले.

वेगळे काय करता आले असते

कॉर्नवॉलिसला सुमारे दोन आठवडे मिळाले होते. वॉशिंग्टन १४ सप्टेंबरला विल्यम्सबर्गला आला, त्याची बहुतेक फौज त्याहूनही उशिरा. तोवर कॉर्नवॉलिससमोर, अमेरिकनांच्या बाजूने लढणाऱ्या लाफाएत या फ्रेंच सरदाराची तुटपुंजी फौज आणि द ग्रासने उतरविलेले सैनिक एवढेच होते. रक्त सांडून का होईना, दक्षिणेकडे वाट काढणे शक्य होते. तो थांबला, कारण समुद्रावरून सुटका येईल हा त्याचा अनुभव होता आणि त्या अनुभवाला तोवर तडा गेलेला नव्हता.

हूडचे म्हणणे असे होते की लढाईनंतर, द ग्रास बाहेर असताना, ग्रेव्ह्जने सरळ उपसागरात घुसून जागा धरायला हवी होती. हे आकर्षक वाटते आणि बारासच्या तोफा त्यामुळे नक्कीच अडल्या असत्या. पण मोडक्या डोलकाठ्यांची एकोणीस जहाजे आत आणि छत्तीस बाहेर, अशी स्थिती झाल्यावर कॉर्नवॉलिसबरोबर ग्रेव्ह्जही अडकला असता, ही शक्यता हूडने पुरेशी तपासलेली दिसत नाही.

खरी चूक मला व्हर्जिनियापासून फार दूर, ब्रेस्टच्या तोंडाशी दिसते. मार्च १७८१ मध्ये इंग्लिश खाडीतील ब्रिटिश आरमार अ‍ॅडमिरल डार्बीच्या हाताखाली वेढ्यात सापडलेल्या जिब्राल्टरला रसद पोहोचविण्यास निघाले होते. ते गेल्यावर नवव्या-दहाव्या दिवशी द ग्रास ब्रेस्टमधून बिनविरोध बाहेर पडला. त्याला तिथेच अडविण्याची किंवा निदान त्याच्या मागे तेवढीच जहाजे लावण्याची संधी होती. लंडनने जिब्राल्टर वाचविले. द ग्रासच्याच ताफ्यातून फ्रेंच अधिकारी सुफ्रें पाच मोठी जहाजे घेऊन अझोर्सजवळ वेगळा झाला आणि हिंदी महासागरात आला, जिथे १७८२-८३ मध्ये त्याने ब्रिटिशांशी पाच लढाया केल्या आणि हैदर अलीला बळ दिले. ब्रिटिश त्याच वेळी मराठ्यांशीही लढत होते. मे १७८२ च्या सालबाईच्या तहात, पोर्तुगीज सोडून इतर युरोपीयांना मराठी मुलखात ठाणे न देण्याचे कलम इंग्रजांनी घालून घेतले, ते फ्रेंचांची ही धास्ती मनात ठेवूनच.

मित्रपक्षालाही एक संधी सोडावी लागली. शरणागतीनंतर वॉशिंग्टनने द ग्रासला चार्ल्सटनवर, ते न जमल्यास विल्मिंग्टनवर चालून जाण्याची विनंती केली. वेस्ट इंडिजमधल्या कामाचे वचन देऊन बसलेल्या द ग्रासने ती नाकारली आणि ४ नोव्हेंबरला तो निघून गेला. १२ एप्रिल १७८२ रोजी वेस्ट इंडिजमधील सेंट्स बेटांजवळ रॉडनी आणि हूड यांनी त्याची रांग फोडली आणि 'व्हिल द पारी'सह त्याला कैद केले. चार्ल्सटन डिसेंबर १७८२ पर्यंत आणि न्यूयॉर्क २५ नोव्हेंबर १७८३ पर्यंत ब्रिटिशांच्याच ताब्यात राहिले.